कातड्याचं दुसरं टोक

रंभाजीरावांनी एकदा आम्हां नवराबायकोला आमच्याच घरात कोंडून घातलं होतं. मुद्दाम नव्हे. त्यांना बकरीचं एक कातडं ताणायचं होतं आणि दोरी बांधायला आमच्या दाराची कडी त्यांना बरी वाटली, एवढंच.

सकाळची वेळ होती. मी तेव्हा ग्वाल्हेरात, गोरखीतल्या एका कचेरीत शिपाई होतो. साहेबाच्या आधी पोचायचं, टेबल पुसायचं, माठ भरायचा. डबा घेतला, टोपी घातली आणि दार ओढलं तर दार हलेना. आमचं दार आत उघडतं. मी आतून ओढतोय आणि बाहेरून कोणीतरी तेवढ्याच जोरानं ओढतंय.

"कोण आहे बाहेर?"

"मी, रंभाजी! ओढू नका नानासाहेब, सोडा! एकदम बढिया ताण बसलाय!"

"अहो, मला कचेरीत जायचंय!"

"जा की. जरा थांबून जा. आता सोडलं तर आखडेल. कच्चं आहे अजून."

माझी बायको यमुना स्वयंपाकघरातून पळी घेऊन बाहेर आली. ती खिडकीशी गेली आणि ओरडली, "भाऊजी, दार सोडा! नाहीतर ही कढी त्या कातड्यावर ओतीन, सांगून ठेवते!"

बाहेरून रंभाजीरावांनी अगदी आदरानं विचारलं, "आंबट आहे का वहिनीसाहेब? आंबट असली तर ओता. कातड्याला आंबट चालतं."

त्या दिवशी मी खिडकीतून उडी मारून कचेरीत गेलो. उशीर का झाला म्हणून साहेबानं विचारलं. मी खरं ते सांगितलं. साहेब म्हणाला, खोटं बोलायचं तर नीट बोलत जा.

आता हे रंभाजीराव कोण, ते सांगतो. मी मराठी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. सजवून लिहिता येत नाही. आणि नानासाहेब म्हणजे कोणी मोठा माणूस समजू नका. ग्वाल्हेरात मराठा माणसाच्या नावाला साहेब चिकटतंच, मग तो शिपाई का असेना.

आमची गल्ली शहराच्या लष्कर भागात, गोरखीच्या मागं. अर्ध्या घरांचे पूर्वज दख्खनेतून भाला घेऊन आले आणि अर्ध्यांचे पंचांग घेऊन. रंभाजीराव भाल्याकडचे. पण त्यांच्या स्वतःच्या हातात भाला कधी आला नाही, रापी आली. रापी म्हणजे कातडं तासायचं हत्यार. संस्थानच्या रिसाल्यात ते जीनखान्यावर होते. घोड्यांची जीनं, लगाम, पट्टे सगळं तिथं राहायचं, तिथंच दुरुस्त व्हायचं. कातडं कमवायला ते तिथल्या म्हाताऱ्या उस्तादाकडून शिकले. त्या उस्तादाचं नाव निघालं की रंभाजीराव बोलणं थांबवून कानाच्या पाळीला हात लावायचे. आमच्या शहरात गवई लोक आपल्या उस्तादाचं नाव घेताना लावतात, अगदी तसा.

संस्थान विलीन झालं. रिसाला मोडला, घोडे कुठं कुठं पांगले, जीनखान्याला कुलूप लागलं. रंभाजीराव इतकी वर्षं रिसाल्याच्या लाइनीत राहायचे, ते आमच्या शेजारच्या घरात भाड्यानं आले. सामान काय, तर एक ट्रंक, एक खाट आणि एक ही मोठी नांद. सोबत माणूस कोणी नाही. यमुना म्हणाली, "बरं झालं, एकटा माणूस आहे. गडबड नाही, गोंधळ नाही." आठवडा झाला नसेल, अंगणात नांद भरली आणि त्यात कातडी कमवायला बाभळीची साल पडली. त्यानंतर यमुना असलं काही बोलली नाही.

माणूस उंच, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. हात मात्र कोपरापर्यंत तांबूस. सालीच्या पाण्यानं रंगलेले, साबणानं न निघणारे. लग्नाकार्यात हात पाठीमागं बांधून उभे राहायचे. पाहुण्यांना वाटायचं, काय शिस्त आहे!

गल्लीत कुजबुज व्हायचीच. मराठ्यानं घरात कातडी कमवावी का, म्हणून. जोशीबुवा म्हणजे सेक्रेटेरियटातले मोठे कारकून, ते समोरच राहायचे. त्यांनी एकदा तोंडावर विचारलं. रंभाजीराव म्हणाले, "जोशीबुवा, तुम्ही जोडा घालता ना? तो काय झाडाला लागतो?" जोशीबुवा त्यानंतर पायांकडे बघत चालायचे.

रंभाजीरावांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या. कच्ची आणि कमावलेली. कमावलेलं क्वचित सापडायचं. बाकी सगळं "कच्चं आहे अजून." चहा कच्चा. हवालदार कच्चा. आमचा मुलगा बी.ए. झाला, पेढे घेऊन गेला, तर पेढा तोंडात टाकून म्हणाले, "पोरगं चांगलं आहे. कच्चं आहे अजून." जोशीबुवांच्या मुलीला बघायला स्थळ आलं तेव्हा तर कहरच केला. कातडं मुरलं का हे ते अंगठ्याचं नख दाबून बघायचे. त्यांनी नवऱ्यामुलाशी हात मिळवला आणि तळव्यात नख दाबलं. मुलगा ओरडला. रंभाजीराव जोशीबुवांच्या कानात म्हणाले, "थोडे दिवस अजून भिजू द्या." लग्न झालं. पुढं जोशीबुवा जावयाबद्दल काही बोलले की मला ते नख आठवायचं.

सरकारलाही त्यांनी सोडलं नाही. संस्थानं मिळून मध्य भारत हे राज्य झालं, त्या सुरुवातीच्या दिवसांत सगळीकडे भाषणं, झेंडे. रंभाजीराव अंगणात कातडं तासत होते. मी म्हटलं, "काय रंभाजीराव, नवं राज्य आलं."

"ऐकलं. इंदूर, ग्वाल्हेर आणि इतकी छोटीमोठी संस्थानं, सगळी एकाच नांदेत घातली म्हणे. म्हशीचं कातडं आणि सशाचं कातडं एका पाण्यात मुरतं का नानासाहेब?"

राजधानी काही महिने इथं, काही महिने इंदुरात, हे कळल्यावर तर त्यांनी रापीच खाली ठेवली. "या नांदेतून काढायचं, त्या नांदेत घालायचं. सडेल हो!" पुढं ते राज्यही गेलं, मध्य प्रदेश आला आणि राजधानी भोपाळला गेली. मी मुद्दाम सांगायला गेलो. त्यांनी नांदेत हात घालून साल ढवळली. "म्हणजे अर्धवटच काढलं ना? मी सांगून राहिलो होतो. कच्चं होतं."

यमुनेचं आणि त्यांचं युद्ध मात्र कोणत्याच राज्यात थांबलं नाही. यमुनेचं नाक म्हणजे काय सांगू! चार घरं पलीकडे दूध उतू गेलं तर हिला आधी कळायचं. असल्या नाकाच्या बाईशेजारी चुन्यात भिजलेलं कातडं. ती सकाळी उठून नाकाला पदर लावूनच दार उघडायची. रंभाजीराव नमस्कार करायचे. ती पदरातूनच म्हणायची, "भाऊजी, आज कोण मेलंय तुमच्या अंगणात?"

"बकरी, वहिनीसाहेब. छान जात आहे."

तिनं नियम करून टाकला होता. त्यांनी आमच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. आणि मी त्यांच्या अंगणात काही हात लावला, तर आंघोळ केल्याशिवाय घरात यायचं नाही. मी कशाला हात लावतोय! मला त्या ओल्या कातड्याची शिसारीच होती.

नियमानं भागेना तेव्हा तिनं नगरपालिकेकडे अर्ज केला. जोशीबुवांनी लिहून दिला, खाली गल्लीतल्या बायकांचे अंगठे. पाहणीला एक माणूस आला. नाकाला रुमाल लावून म्हणाला, "ये बदबू कहाँ से आ रही है?"

रंभाजीराव म्हणाले, "बदबू नहीं, चूना है. बदबू तो परसों आएगी. परसों आइए."

तो माणूस परवा आला नाही, कधीच आला नाही. मग कचेऱ्या हलल्या, पोती भरभरून कागद भोपाळला गेले. यमुना म्हणायची, "वास इथं आणि माझा अर्ज भोपाळात."

तेवढ्यावर हे संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

कागदांमागून माणसंही गेली. गल्लीत सकाळी टांगा उभा राहिला की समजायचं, आज अजून एक घर चाललं. जोशीबुवा गेले. आमचा मुलगाही सेक्रेटेरियटात लागला होता, तो गेला, सूनबाई गेली. कोणी गावातच थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. सगळ्या दारांना कुलपं, आणि मध्ये आम्ही दोघं आणि रंभाजीराव. मीही तोवर निवृत्त झालो होतो. यमुना म्हणाली, "आता वास घ्यायला मीच उरले."

त्याच थंडीत ती नळाशी घसरली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाला, या वयात जुळणं अवघड आहे. पडून राहावं लागेल, पाठीखाली मऊ काही घाला, कूस बदलत जा. मी गादी पिंजून आणली. गोधड्या घातल्या, तिची जुनी लुगडी घडी करून घातली. पण पडून पडून तिची पाठ सोलून निघाली. कूस बदलायला हात लावला की ती पदराचं टोक दातात धरायची. रडणारी बाई नव्हती. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

गल्लीला तिचा आवाज ऐकू येईना, हे आधी रंभाजीरावांच्या लक्षात आलं. एक दिवस उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहिले. हात पाठीमागं.

"नानासाहेब, वहिनीसाहेबांची पाठ लागली का?"

पाठ लागली, असं घोड्याला म्हणतात. जीन घासून घोड्याची पाठ सोलली की. मी भडकलो. "ती काय घोडी आहे? तोंडाला काही लगाम?"

आतून हसण्याचा आवाज आला. खाटेला खिळल्यापासून यमुना पहिल्यांदा हसली. "बोलू द्या हो त्यांना," ती म्हणाली. "बरोबर बोलतायत. लागलीच आहे पाठ."

रंभाजीराव उंबऱ्याबाहेरूनच आत बघत म्हणाले, "घोड्याची पाठ लागली की आम्ही जीनाखाली मेंढीचं कातडं घालायचो. लोकरीसकट कमावलेलं. लोकर दबते आणि परत उठते. घासत नाही, वारा जातो. मी करून देतो, वहिनीसाहेब."

"तुमच्या कातड्यावर मी झोपू? मेल्यावर."

"मेल्यावर काय उपयोग?" रंभाजीराव म्हणाले. या माणसाला बोलायचं कसं ते कधी कळलं नाही.

मी तिची कूस बदलली. पदराचं टोक दातातून सोडल्यावर ती भिंतीकडे बघत म्हणाली, "सांगा त्यांना. पण वास येता कामा नये. वास आला तर त्यांनाच त्यात गुंडाळून मोरारच्या नदीत टाकीन."

दुसऱ्या दिवशी रंभाजीराव सायकल काढून मोरारच्या बाजूला मेंढी बघायला गेले. बघायला म्हणजे मुलगी बघायला जातात तसे. संध्याकाळी हात हलवत परत. म्हणाले, "एक होती, पण रागीट वाटली." आणखी दोनदा रिकामे आले. शेवटी खाटकाकडून एक कातडं आणलं, सायकलीवर पुढं, पोत्यात गुंडाळून. त्यांनी ते अंगणात उलगडलं. पांढरी लोकर, माझ्या बोटाएवढी. "शांत मेंढी होती," ते म्हणाले. मी विचारलं नाही कसं कळलं.

लोकर ठेवायची म्हणजे चुना चालत नाही, सगळे केस सुटून येतात. मग आतल्या बाजूनं तासायचं, तुरटी आणि मीठ चोळायचं, घडी घालून मुरवायचं. आणि वासासाठी रिठ्यानं धुवायचं. रिठ्याची गोष्ट यमुनेला कळली आणि ती खाटेवरून कारभार बघायला लागली.

"किती रिठे घातले विचारा! एवढ्यानं काय होतंय? माझे केस नसते निघाले एवढ्यात!"

मी खिडकीतून ओरडून सांगायचो. तिकडून उत्तर यायचं, "वहिनीसाहेबांचा हुकूम!"

धुऊन झालं की ते लोकरीचा एक झुबका उपटून माझ्याकडे द्यायचे. मी आत नेऊन यमुनेच्या नाकाशी धरायचो. पहिल्यांदा ती म्हणाली, "बकरा." दुसऱ्यांदा म्हणाली, "ओला बकरा." तिसऱ्यांदा खूप वेळ हुंगलं, डोळे मिटून. मग डोळे उघडून म्हणाली, "सांगा भाऊजींना. कच्चं आहे अजून."

मी खिडकीतून सांगितलं. रंभाजीराव जागच्या जागी उभे राहिले. इतकी वर्षं ते जगाला जे बोलत आले ते आज त्यांना कोणीतरी परत दिलं होतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि नवे रिठे फोडायला बसले.

यात दिवस चालले होते. तिच्या पाठीवर कमरेशी नवी जखम झाली. मी रोज अंगणाशी जाऊन विचारायचो, झालं का. रोज एकच उत्तर. एक दिवस मी फुटलो. "तिथं माणूस सोलून निघतंय आणि तुमचं कच्चं, कच्चं! द्या जसं आहे तसं!"

ते शांत होते. त्यांनी कातड्याचं टोक माझ्यासमोर धरलं. सुकलेलं, पुठ्ठ्यासारखं कडक. "हे घालायचं तिच्या पाठीखाली? मग फळी घाला. फळी तयार आहे."

मी जायला वळलो.

"आता फक्त ओढायचं राहिलंय," ते म्हणाले. "ओलसर करायचं, तेल लावायचं आणि सुकेपर्यंत ओढत राहायचं. मग मऊ पडतं. टोक धरा नानासाहेब."

"अंगणातल्या कडुलिंबाला बांधा की. रोज बांधता ना."

"लिंबाला बांधून बकरीचं होतं. जोड्याला, पट्ट्याला चालतं. झाड एकसारखं ओढून धरतं, त्याला सोडता येत नाही. हे आजारी माणसाखाली जायचं. ओढायचं, सोडायचं, परत ओढायचं. पलीकडे माणूस लागतो."

त्यांनी ते ओलसर करून तेल चोळलं आणि मी टोक धरलं. थंड, तेलकट, हातात जिवंत असल्यासारखं.

"मागं रेला! ढिलं सोडू नका! आता सोडा! अरे, एकदम नाही सोडायचं!"

एकदम सोडल्यामुळं ते कातड्यासकट मागं बसले. पुढच्या वेळी त्यांनी एकदम सोडलं आणि मी पाठमोरा नांदेत. बाभळीच्या पाण्यात. खिडकीतून आवाज आला, "काय पडलं हो?"

"मी!"

"कातडं नाही ना पडलं?"

"नाही!"

"मग चालू द्या."

दोन म्हातारे आम्ही, ऊन उतरेपर्यंत ओढत होतो. माझे दंड भरून आले. हळूहळू ते पुठ्ठ्याचं कापड व्हायला लागलं. हातात लोंबायला लागलं. रंभाजीरावांनी नख दाबलं, गालाला लावून बघितलं, परत ओढायला लावलं. परत गालाला लावलं. आणि मग त्यांनी टाच जुळवून त्या कातड्याला सलाम केला. मी हसलो नाही. दम नव्हता.

मी तसाच घरात गेलो. कमरेपर्यंत तांबडा, तेलाच्या हातांचा. यमुनेनं बघितलं.

"आंघोळ केलीत?"

"नाही."

तिनं जरा विचार केला. "राहू दे. आधी ते आणा."

आम्ही ते तिच्याखाली घातलं. मी, आणि बाजूच्या गल्लीतली मोलकरीण होती मदतीला. यमुना डोळे मिटून पडून राहिली. मी घाबरलो. म्हटलं, टोचतं का? तिनं मान हलवली, नाही म्हणून. मग पदर दातात धरलेला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं.

"भाऊजींना चहाला बोलवा," ती म्हणाली. "आत बोलवा."

ते आले. उंबऱ्याशी अडले. ती म्हणाली, "या हो, आता तुमच्यावरच झोपले आहे मी, उंबऱ्याचं काय घेऊन बसलात?" ते आत येऊन स्टुलाच्या कडेवर बसले, हात मांड्यांखाली लपवून. चहा आला तेव्हा हात काढावे लागले.

"अगंबाई," यमुना म्हणाली, "मेंदी कोणी काढली तुम्हाला?"

रंभाजीराव लाजले. खरंच लाजले, मिशीखालून. चहाचा घोट घेऊन म्हणाले, "कच्चा आहे." चहा मी केला होता.

तुरटीच्या कातड्याचं एक आहे. ते ओलं झालं, धुतलं की परत आखडतं. आजारी माणसाखालचं कातडं धुवावं तर लागणारच. तेवढ्या वेळापुरतं तिच्याखाली गोधडी घालायची, आणि आम्ही दोघं अंगणात ओढायचो. यमुना खिडकीतून ऐकायची. कोण पडलं ते तिला आवाजावरून कळायला लागलं. तिची पाठ सुकली. जखमा भरल्या. डॉक्टर म्हणाला, छान. पाठ बरी झाली. बाकीची नाही झाली.

चैत्रात गेली. दुपारी, जेवण झाल्यावर, मी भांडी घासत होतो तेव्हा. मी त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. मला येत नाही.

मुलगा भोपाळहून आला, सगळं नीट केलं. आपल्यात रीत आहे, गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. गादी, उशी, गोधड्या बाहेर काढून ठेवल्या. मुलगा म्हणाला, "बाबा, ते चामडं पण ठेवून देतो त्यातच." मी म्हटलं, ठेव. रीत म्हणजे रीत. तो म्हणाला, माझ्याबरोबर चला. मी म्हटलं, बघू. तो गेला. सुट्टी कुठं होती त्याला.

घर इतकं शांत झालं की मला नळाचं थेंब थेंब पडणं ऐकू यायचं. आणि वास. इतकी वर्षं मी कधी वासाकडे लक्ष दिलं नव्हतं, तिनं द्यायचं ते. आता मी एकटाच तो घेत बसायचो, बाभळीचा, चुन्याचा, आणि मला वाटायचं, ही आता पदर नाकाला लावून काहीतरी बोलेल.

एका सकाळी खिडकीत उभा राहिलो तर रंभाजीरावांच्या अंगणात ते कातडं. आमचं. पांढरी लोकर. बाहेर ठेवलेल्या अंथरुणातून त्यांनी उचललं होतं, धुतलं होतं. एक टोक लिंबाला बांधलेलं, आणि दुसरं धरून ते मागं रेलत होते. एकटेच. कातडं पार आखडलेलं. कुरकुर आवाज येत होता.

मी गेलो. म्हटलं, "कशाला आता? कोणाला पाहिजे ते?"

"आखडतंय," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

"आखडू दे. ती गेली."

त्यांनी ओढणं थांबवलं नाही. थोड्या वेळानं, जणू कातड्यालाच सांगतायत असं म्हणाले, "आमची ही होती ना, लाइनीत असताना, दुसरं टोक ती धरायची. मी जीनखान्यातून घरी आणायचो काम, आणि ती धरायची. इतक्या शिव्या घालायची नानासाहेब! हातांचा वास जात नाही म्हणून, भाकरीला वास लागतो म्हणून. पण धरायची. संस्थान गेलं त्याच्या आदल्या थंडीत ती गेली. तिथंही मग मी एकटाच होतो. मग झाडाला बांधायला लागलो."

ते थांबले. कपाळ पुसलं.

"झाड शिव्या देत नाही हो," ते म्हणाले. "म्हणून मग तुमच्या कडीला बांधायचो अधूनमधून."

मी लिंबाशी गेलो. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. नखांनी सोडवली. टोक हातात घेतलं आणि मागं रेललो.

"ढिलं सोडताय," रंभाजीराव म्हणाले.

"गप्प बसा आणि ओढा," मी म्हटलं. "कसला घाणेरडा वास येतोय तुमच्या अंगणात! माणसांनी राहायचं की नाही या गल्लीत?"

त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी असं ओढलं की मी नांदेत जाता जाता वाचलो.

तेव्हापासून दर रविवारी मी जातो. भोपाळहून मुलाची पत्रं येतात, या म्हणून. मी लिहितो, इथलं एक काम अर्धवट आहे, ते झालं की येतो. कातडं ओलं करतो, तेल लावतो, दोघं ओढतो. मी शिव्या घालतो, यमुनेच्या आठवतील तेवढ्या. काही मला येत नाहीत, त्या बाईचं तोंडच वेगळं होतं. मग ऊन उतरतं, आम्ही थांबतो, आणि रंभाजीराव कातड्यात नख दाबतात. गालाला लावतात. बराच वेळ लावून ठेवतात.

"झालं का?" मी विचारतो.

आता मलाही हातात कळतं. ते कातडं केव्हाचं लोण्यासारखं झालं आहे. त्याहून मऊ कातडं कुठल्या जीनखान्यात नसेल.

"कच्चं आहे अजून," ते म्हणतात.

"हो," मी म्हणतो. "कच्चंच आहे. पुढल्या रविवारी बघू."